निम्मं सोडा, निम्मं धरा

२ नोव्हेंबर, रविवार

हजेरीची वही आज दोन महिन्यांनी उघडली. तारीख, विद्यार्थिनीचं नाव, कितवा तास, शेरा असे रकाने. नऊ सप्टेंबरनंतर सगळं कोरं. चांगले गुळगुळीत कागद रद्दीत घालायला जीव होईना, म्हणून रकान्यांवरून आडवं लिहायचं ठरवलंय. बोलायला घरात लेक आहे, पण आसावरीशी काहीही बोलायला जा, गाडी शेवटी इंजिनावर येते.

सव्वीस वर्षं ‘उत्तरा ड्रायव्हिंग क्लास, फक्त महिलांसाठी’ चालवला. डोंबिवली पूर्वेतल्या निम्म्या सुना माझ्या हाताखालून गेल्यात. खरं तर पायाखालून म्हणायला हवं. शिकवायच्या गाडीत डावीकडेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. मी तिथे बसते आणि रस्त्याइतकेच शेजारणीचे पाय बघते. ते चुकले की माझा पाय खाली. तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाहीत, हे मी प्रत्येकीला पहिल्या तासाला ऐकवते.

नऊ सप्टेंबरला टिळकनगरच्या गल्लीत ऋजुतानं ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला. तिचा अकरावा तास. होतं असं, सगळ्याच करतात. मला दिसलं. दिसलं, आणि माझा पाय उचललाच नाही. मग उचलला, पण तोवर सायकलवरून येणारे हरिहरकाका आडवे झाले होते. मनगट मोडलं. थोडक्यात निभावलं असं सगळे म्हणतात. काका तर प्लास्टर दाखवून हसले आणि मलाच चहा पाजला. मला मात्र तो न उचललेला पाय अजून उलगडलेला नाही. गाडी तेव्हापासून कव्हरखाली आहे. मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. रिक्षात बसले तरी उजवा पाय आपोआप पत्र्यावर दाबला जातो. तिथे ब्रेक नसतो हे पायाला कोण सांगणार?

ऋजुताचा आज पुन्हा फोन आला. उचलला नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

सुट्टी होती. आसावरी मला ओढून ठाकुर्लीला सहदेवच्या गॅरेजात घेऊन गेली. मुलगी एकोणतीस वर्षांची, एमआयडीसीत चांगली इंजिनिअर, आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस ऑइलात. तीन वर्षं ती आणि सहदेव मिळून एका जुन्या सेडान गाडीचं काहीतरी करताहेत एवढं मला ठाऊक होतं. ड्रॅग रेस म्हणे. दोन गाड्या सरळ पट्टीवर शेजारी उभ्या करायच्या आणि चारशे मीटर कोण आधी पोचतं ते बघायचं. वळण नाही, सिग्नल नाही, शिकण्यासारखं काय आहे त्यात, असं मी आजवर म्हणत आले.

गाडी दिसायला अगदीच सुमार. मळकट पांढरी, मागची चाकं तेवढी पोळपाटासारखी रुंद. आत मागची सीटच नाही, नुसते लोखंडी नळ.

“साडेसहाशे घोडे हायत बाई,” सहदेव म्हणाला. हा दिव्याला राहतो, पन्नाशीचा आहे, कुणाचीही स्तुती करत नाही. माझ्या क्लासच्या गाडीत चाळीससुद्धा नाहीत.

“एवढे घोडे आले कुठून?”

“टर्बो. इंजिनातून धूर भायेर फुकट जातो ना? तो पकडायचा, त्याच्यावर पंखा फिरवायचा, आनि त्याच पंख्यानं इंजिनात हवा कोंबायची.”

“म्हणजे चुलीच्या धुरानंच चूल फुंकून घ्यायची.”

सहदेव माझ्याकडे बघतच राहिला. “ताई, तुमच्या आईनं एका वाक्यात संपवलं.” तेव्हापासून आम्ही तिघंही त्या टर्बोला फुंकणी म्हणतो.

मग आसावरीनं इंजिन सुरू केलं. काय लिहू? आवाज कानाला आलाच नाही, आधी बरगड्यांना आला. ट्रेमधले पाने खडखडायला लागले, माझ्या हातातल्या कटिंगवर वर्तुळं उठली, दाराशी झोपलेलं कुत्रं उठून पलीकडच्या दुकानात गेलं. मी मागे सरायला हवं होतं. मी पुढे गेले. बॉनेटवर हात ठेवला आणि काढवेना. लहानपणी गावच्या देवळात मोठा नगारा वाजायला लागला की मी अशीच त्याला हात लावून उभी राहायची. आणि हे माझ्या पोरीनं केलंय. जिला दहावीपर्यंत सायकलची चेन बसवता येत नव्हती.

घरी येताना विचारलं, “तू चालवणार हे?”

“मग कोण?” म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार

आसावरी डाव्या घोट्याला बँडेज बांधून घरी आली. गिअरबॉक्स उतरवताना पायावर आला म्हणे. डॉक्टरांनी महिनाभर क्लचला पाय लावू नको असं बजावलंय. कागद दाखव म्हटलं, तर गॅरेजात राहिला. तिचे बाबा, सुधीर, आज असते तर अर्ध्या रात्री जाऊन कागद आणला असता. बापलेकीत तेच एक काळजी करणारे होते.

आणि आता खरी पंचाईत. स्पर्धा वीस डिसेंबरला, आसावरी ज्या गटात आहे तो रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांचा. त्यांचा नियम असा की गाडी ट्रकवर घालून आणायची नाही. स्वतःच्या चाकांवर, घरापासून तपासणीच्या जागेपर्यंत रस्त्यानं चालत आली पाहिजे, निघताना आणि पोचल्यावर किलोमीटरचे फोटो. तपासणी सात डिसेंबरला, घोडबंदर रोडला. ठाकुर्ली ते घोडबंदर. नाही पोचली तर तीन वर्षं पाण्यात.

“सहदेव नेईल,” मी म्हटलं.

“बघू,” म्हणाली. चेहरा अगदी उतरला होता. हळद घातलेलं दूध दिलं. नाक मुरडून प्यायली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिफ्ट बंद. मी भाजीच्या पिशव्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत होते, तोवर आसावरी तिसऱ्यावर पोचून दार उघडून उभी. बँडेजच्या पायानं! तरुण हाडं ती.

सहदेवनं आज गाडी बाहेर काढून बघितली. ठाकुर्लीच्या पुलाच्या चढावर दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा क्लच जळाल्याचा वास गॅरेजपर्यंत आला म्हणे. “माझ्याच्यानी नाय व्हायचं,” तो म्हणतो. “ही गाडी पळवायला पोरंपन पळवतील. हिला रांगायला लावनारा मानूस पायजे.”

हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मुद्दामच बघत नसावा.

१६ नोव्हेंबर, रविवार

गेले. नुसतं बसून बघते म्हटलं. चोळा पॉवर हाऊसच्या बाजूला मोकळी जागा आहे तिथे. आधी कागद तपासले; इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकात आहे, विमा आहे, पीयूसी आहे. मग बसले. सीट म्हणजे बादली. पट्टे चार ठिकाणी, बाळंतिणीच्या पोटाला बांधतात तसे आवळून. नेहमीचे कॅनव्हासचे बूट घातले होते.

आणि माझी बाजू चुकली. दार उघडलं ते डावीकडचं. सवय! सहदेवनं खोकल्यासारखं केलं. मी वळसा घालून उजवीकडे आले. स्टिअरिंगसमोर बसल्यावर तळवे ओले झाले, हे लिहून ठेवते.

हँडब्रेक शोधला. नाही. “वजन कमी केलं,” आसावरी म्हणाली. मी तिला तिथल्या तिथे फैलावर घेतलं. हँडब्रेक नसलेली गाडी म्हणजे दार नसलेला संडास.

क्लच दगडासारखा जड. आणि हाफ क्लच, म्हणजे जिथे इंजिन आणि चाकं एकमेकांना जेमतेम शिवतात ती जागा, माझ्या गाडीत चांगली तळहाताएवढी आहे. हिच्यात करंगळीच्या नखाएवढी. तीनदा बंद पाडली. नवशिकीसारखी उडी मारत.

आसावरी डावीकडे बसली होती. म्हणाली, “टाच टेकव. बोटांनी विचार. निम्मं सोड, निम्मं धर.”

माझंच वाक्य! सव्वीस वर्षं मी म्हणत आलेलं, जसंच्या तसं, माझ्याच स्वरात. पाय एकदम शांत झाला. चौथ्यांदा गाडी हलली. साडेसहाशे घोडे मुंगीच्या पावलानं चालत गेले, भिंतीपर्यंत, आणि थांबले. मी केलं ते.

सहदेवनं टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त म्हणाला, “आता पुन्यांदा.”

२२ नोव्हेंबर, शनिवार

रोज सकाळी तासभर जाते. डावी मांडी ठणकते, जिना उतरताना कठड्याला धरते. काल अर्धा किलोमीटर न थांबता, चालत्या माणसाच्या वेगानं. मागून एक आजोबा गाडीला ओलांडून गेले आणि वळून म्हणाले, “काही बिघाड आहे का?” मी म्हटलं, “नाही हो, तब्येत फार चांगली आहे, म्हणून हळू.”

या जनावराला मी जितकी ओळखतेय तितकी जास्त थक्क होतेय. जोर आहे याचं नवल नाही. एवढा जोर माझ्या पायाच्या बोटाचं ऐकतो, याचं आहे. जरा चुकलं तर भिंत फोडून जाईल, आणि तरी वाट बघत उभं असतं.

आसावरी आज उजव्या पायानं लंगडत होती. डावा जपता जपता दुसऱ्यावर भार येत असणार. रात्री शेक घे म्हटलं.

सात तारखेला मी नेणार असं अजून कबूल केलेलं नाही. कुणी विचारलंही नाही. तेच वाईट आहे, ‘नाही’ तरी कुणाला म्हणायचं?

२९ नोव्हेंबर, शनिवार

खालच्या गल्लीत हरिहरकाका भेटले. प्लास्टर निघालंय. सायकलवर होते! मी थबकले, पाय जमिनीवर दाबला गेला. त्यांना दिसलं. म्हणाले, “उत्तराबाई, मी परत बसलो की.” बस्स, एवढंच. घंटी वाजवून गेले.

घरी येऊन आसावरीला सांगितलं, मी नेते. तिनं मिठी मारली. ऑइलाचा वास.

७ डिसेंबर, रविवार

आज अक्षर लागलं तर लागलं.

नऊला निघालो. मी, डावीकडे आसावरी. सहदेव मागून स्कूटरवर. पहिल्याच दहा मिनिटांत ठाकुर्लीचा पूल, आणि पुलावर वाहनांची रांग. अगदी चढावर थांबले. पुढे टेम्पो, मागे रिक्षा, आरशात बघितलं तर अंतर वीतभर. रिक्षात एक बाई, मांडीवर टोपडं घातलेलं बाळ. हँडब्रेक नाही. ब्रेकवरून पाय काढला की गाडी मागे जाणार. मागे म्हणजे त्या टोपड्यावर.

टेम्पो हलला. मागून हॉर्न सुरू. शेजारी बाइकवरची दोन पोरं मोबाइल धरून, “आंटी, सोडा ना एकदा! आवाज द्या ना!”

माझा पाय उचलेना.

तेच. नऊ सप्टेंबरचंच. पाय तिथे आहे, मला दिसतोय, आणि तो माझा नाही. डावीकडे बघितलं. आसावरी बोलली नाही, समोर बघत होती. तिच्या पायाशी क्लच नव्हता, ब्रेक नव्हता. म्हणजे या गाडीत दुसरं कुणीच नव्हतं. चुकलं तर सावरणारी डावीकडची बाई नव्हती. तेव्हा कुठे मला नऊ सप्टेंबर कळलं. सव्वीस वर्षं मी दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत बसले होते. वाट बघून पाय म्हातारा झाला होता.

टाच टेकवली. बोटांनी विचारलं. क्लच नखभर वर आला, गाडीचं नाक किंचित उचललं, इंजिनाचा आवाज जड झाला. ते पकडलं. उजवा पाय ब्रेकवरून काढला. गाडी मागे गेली नाही. एक तसूभरही नाही. साडेसहाशे घोडे त्या चढावर माझ्या एका अंगठ्यावर उभे होते, आणि मी मोजून पाच सेकंद तशीच उभी राहिले. गरज नव्हती. पण राहिले. मग निम्मं सोडलं.

रिक्षावाला पुढे येऊन म्हणाला, “ताई, जबरी गाडी हाय, पन तुम्ही लय हळू.” मी म्हटलं, “हो ना!”

डोंबिवली पश्चिम, मोठागाव, मग माणकोलीचा नवा पूल. आणि तो पूल मोकळा. खरंच मोकळा, पुढे मागे चिटपाखरू नाही, दोन्हीकडे खाडी, ओहोटीचा चिखल, तिवरं. आसावरी म्हणाली, “आई, तिसरा टाक.”

मी चाळिसाच्या वर कुणालाही जाऊ दिलेलं नाही. मी स्वतः साठाच्या वर कधी गेलेले नाही. आणि मी तिसरा टाकला आणि पाय दाबला.

आधी काहीच झालं नाही. फुंकणी भरत होती. बारीक शीळ, मग मोठी, आणि मग कुणीतरी मागून पाठीला दोन्ही तळहात लावून मला ढकललं. नाही, ढकललं नाही, उचललं. तिवरांची झाडं मिटून एक हिरवी रेघ झाली. श्वास आत होता तो आतच राहिला. पूल गाडीखालून जात नव्हता, पूल माझ्याकडे येत होता, सगळा एकदम, आणि मला भीती वाटली नाही. मला वाटलं, देवा, हे असं असतं होय? हे इथेच होतं, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, आणि माझ्या लेकीला ठाऊक होतं, आणि मी तिला दूध देत बसले!

तीन आकडे मोजले आणि पाय काढला. फुंकणीनं मोठा सुस्कारा टाकला. काटा एकशे अठ्ठावीसवरून खाली येत होता. हा गुन्हा आहे. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीनं केला असता तर तिला पुन्हा गाडीत घेतलं नसतं. लिहून ठेवते: केला, आणि पुन्हा करणार नाही. रस्ता सगळ्यांचा असतो.

शेजारी बघितलं तर आसावरीचे डोळे मिटलेले, आणि दोन्ही पाय समोरच्या पत्र्यावर, अख्ख्या ताकदीनं, टाचांपर्यंत रोवलेले.

“तिथे ब्रेक नाही गं,” मी म्हटलं.

ती हसायला लागली, मग मीही. हसता हसता डोळ्यांतून पाणी. माणकोलीच्या टोकाला गाडी बाजूला घ्यावी लागली. सहदेव मागून येऊन घाबरून विचारतो, “काय झालं? काय तुटलं?”

माजिवड्याला पाऊण तास रांगलो, उष्णतेचा काटा वर चढत होता, पण तिनं साथ सोडली नाही. सव्वाअकराला घोडबंदर. किलोमीटरचा फोटो काढणारा मुलगा म्हणाला, “ड्रायव्हर कुठाय?”

“मीच,” मी म्हटलं. उजवीकडच्या दारातून उतरले.

१० डिसेंबर, बुधवार

ही वही आज पहिल्यापासून वाचली. सात तारीख पुन्हा वाचायचा मोह झाला, मग मागची पानं चाळली.

नऊ नोव्हेंबर: डावा घोटा. चौदा नोव्हेंबर: तीन मजले माझ्याआधी. बावीस नोव्हेंबर: उजव्या पायानं लंगडत होती. सात डिसेंबर: दोन्ही पाय, अख्ख्या ताकदीनं.

आणि डॉक्टरांचा कागद अजून गॅरेजातच आहे.

चांगला अर्धा तास वहीकडे बघत बसले. पाय बघण्यात माझी हयात गेली. माझ्याच हातानं लिहिलंय सगळं, तारीखवार. या पोरीला साधी बतावणीही धड जमत नाही, कुठला पाय ते विसरते, आणि तरी मी फसले. तीन वर्षांची मेहनत, स्पर्धा, सगळं तिनं माझ्या एका पायावर लावलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर? मी पुलावर गाडी मागे सोडली असती तर? ती डावीकडे बसून समोर बघत होती. एक शब्द बोलली नाही. एवढा भरवसा मला कुणी शिकवला नव्हता. त्या साडेसहाशे घोड्यांचं काय घेऊन बसले मी.

संध्याकाळी आसावरी सोफ्यावर लोळत होती. मी तेलाची वाटी गरम करून आणली, खाली बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला. उजवा. चोळायला लागले.

तिनं मोबाइल खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग पायाकडे बघितलं. डाव्या पायाला बँडेज तसंच होतं.

“बरं वाटतंय?” मी विचारलं.

“हो,” म्हणाली.

वाटी संपेपर्यंत चोळलं. मग उठून ऋजुताला फोन लावला.

१५ डिसेंबर, सोमवार

आजपासून पुन्हा रकान्यांत.

तारीख: १५ डिसेंबर. नाव: ऋजुता. तास: बारावा.

शेरा: गाडी चार वेळा बंद पडली. क्लच सोडताना घाई. गल्लीच्या तोंडाशी पुन्हा ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर. डावीकडून ब्रेक एकदा लावावा लागला. वेळेवर लागला.